‘पुट’ आलं की आधी वस्तू बघ

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

डिशवॉशरच्या माहितीपुस्तिकेचा तुझा डच अनुवाद काल रात्री वाचला. व्याकरण स्वच्छ आहे, वाक्यं सुटसुटीत आहेत. एकच गोष्ट खटकली, म्हणून हे पत्र. इंग्रजीत जिथे जिथे ‘पुट’ आहे, तिथे तू सरसकट ‘लेखेन’ लिहिलं आहेस. (डच ‘ग’ घशातून येतो, म्हणून मी ‘ख’ लिहितोय.)

डच माणसाला नुसतं ‘ठेव’ म्हणता येत नाही. वस्तू आडवी ठेवली तर लेखेन, उभी ठेवली तर झेटेन, टांगली तर हांगेन, कशाच्या आत सारली तर स्टोपेन, आणि साखर-मीठ घालायचं असेल तर डून. ठेवून झालेल्या वस्तूचंही तेच: ती ‘आहे’ म्हणून भागत नाही, ती पडलेली असते, उभी असते किंवा आत बसलेली असते.

आता तुझंच पान घे. खालच्या जाळीत ताटल्या ठेवायच्या, तिथे झेटेन हवं. टेबलावरच्या ताटलीलाही झेटेनच लागतं. ती सपाट दिसते, पण तिला बूड आहे आणि बुडावर टेकलेली वस्तू डचमध्ये ‘उभी’ असते. तीच ताटली पालथी घातली की ‘पडलेली’ होते. काटे-चमचे टोपलीत ठेवायचे असतील तर झेटेन, कारण तिथे ते उभे राहतात. सपाट ट्रेमध्ये ठेवायचे असतील तर लेखेन. चमचा तोच, क्रियापद वेगळं. लांब धारदार सुऱ्या वरच्या जाळीत आडव्या ठेवायला सांगितल्या आहेत, तिथे तुझं लेखेन अगदी बरोबर आहे. पण सगळीकडेच लेखेन असल्यामुळे ‘ही मात्र आडवी’ हा इशाराच वाचणाऱ्यापर्यंत पोचत नाही. हात कापू शकणाऱ्या वस्तूबद्दल आपण लिहितोय, हे विसरू नकोस.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्याही हातून हेच झालं होतं. एका डच सहकाऱ्याने माझ्या मसुद्यातल्या ताटलीवर बोट ठेवून विचारलं, ‘ही पालथी आहे का?’ त्या दिवसापासून मी आधी वस्तू डोळ्यांसमोर आणतो, मग वाक्य लिहितो. शक्य असेल तर खरीच हातात घेतो.

तुला हे अवघड जाऊ नये, कारण आपली मायबोलीही ‘पुट’ला एका शब्दात गुंडाळत नाही. चहात साखर घालतो, गजर लावतो, शर्ट खुंटीला अडकवतो, पुस्तकं कपाटात लावतो. डचमध्ये गजराला झेटेन आणि कपाटातल्या पुस्तकांनाही झेटेन, कारण ती उभी असतात. आपण इंग्रजीमार्गे डचकडे जातो आणि वाटेत हा घरचा बारकावा टाकून देतो, याचं मला फार वाईट वाटतं. मात्र मराठीच्या खाचा जशाच्या तशा डचवर बसवू नकोस. आपण चष्मा लावतो आणि टोपी घालतो. डचमध्ये दोन्ही ‘ऑपझेटेन’, डोक्यावर चढवायच्या गोष्टी. शर्ट आणि बूट अंगावर ओढायचे, म्हणून ‘आनट्रेकेन’. मफलर नि मनगटी घड्याळ भोवती यायचं, म्हणून ‘ऑमडून’. आज्ञार्थी वाक्यात यातला ‘ऑप’ किंवा ‘ऑम’ तुटून वाक्याच्या शेवटी जातो. शोधा-आणि-बदला करताना तो तिथेच राहून जातो, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

‘प्लाट्सेन’ (जागेवर बसवणं) हा सोपा शब्द तुला पुस्तिकांमध्ये वारंवार भेटेल. बॅटरी किंवा फिल्टर खाचेत बसवायचा असेल तर तो चोख आहे. पण काय लिहावं सुचत नाही म्हणून तो लिहू नकोस. अनुवादाचं सॉफ्टवेअर मागच्या वाक्यातलं क्रियापद पुढे करेल, तेही तपासल्याशिवाय घेऊ नकोस. मागच्या वाक्यात ताटली होती आणि इथे सुरी आहे, हे ते लक्षात घेईलच असं नाही.

पान नऊवर मीठ भरण्याची सूचना आहे, तिथे डून लिही. बाकीचं पान मी मुद्दाम दुरुस्त केलेलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन एकेक भांडं जाळीत ठेवून बघ आणि शुक्रवारपर्यंत मसुदा परत पाठव.

तुझा,
काका