नाकातून भुतं, चार ओळींची सही आणि तुमचे प्रश्न

प्रश्न : आमचे सर सारखं ऐकवतात की आमच्या काळी न्यूजग्रुपवर प्रश्न टाकून दोन दोन दिवस वाट बघायचो, तुम्हाला सगळं आयतं मिळतं. न्यूजग्रुप म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसारखंच ना काहीतरी? त्यात एवढं काय कौतुक?
– इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, कोल्हापूर

नाही गं, नावात ग्रुप आहे तेवढंच साम्य. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला अ‍ॅडमिन असतो आणि वर कंपनी असते, यूझनेटच्या (म्हणजे एकेका विषयावर लेख टाकून चर्चा करायच्या जगभरच्या जाळ्याच्या) न्यूजग्रुपला मालकच नव्हता. १९७९ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांच्या डोक्यातून हे निघालं, शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोविननं पहिला प्रोग्राम लिहिला, आणि काम कसं चालायचं तर एक युनिक्स मशीन (युनिक्स ही विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम) दुसऱ्याला फोन लावायचं, माझ्याकडे हे नवीन आलंय तुझ्याकडे काय आहे असं करत लेखांची देवाणघेवाण व्हायची, मग ते दुसरं तिसऱ्याला फोन लावायचं. गल्लीत बातमी पसरते ना, अगदी तसं. पुढे १९८६ मध्ये इंटरनेटवरून हेच करायला एनएनटीपी नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे मशीनांनी एकमेकांशी बोलायचे नियम, आला, आणि ग्रुपांची नावंही नीट लावली गेली, म्हणजे कॉम्प्युटरचं सगळं 'कॉम्प'खाली, त्यातल्या भाषा 'कॉम्प डॉट लँग'खाली, त्यात सी, पर्ल, पायथन अशी एकेकीची खोली. आपल्या मराठीचाही एक ग्रुप होता, 'सॉक' म्हणजे समाज-संस्कृतीखाली.

लॅरी वॉलनं (पर्ल भाषावाला तोच) १९८४ साली 'आरएन' नावाचा वाचायचा प्रोग्राम लिहिला होता. त्यातून काही पाठवायला गेलं की आधी दम मिळायचा, की बाबा हा लेख जगभर हजारो मशीनवर जाणार आहे, नेटला शेकड्यांनी नाहीतर हजारांनी डॉलर खर्च येणार आहे, नक्की पाठवायचाय का? हे वाचून निम्मे प्रश्न तिथेच विरघळत असणार! लेखाच्या शेवटी आपोआप लागणारी सहीसुद्धा चार ओळींपेक्षा मोठी नको, दुसऱ्याच्या फोनबिलावर चाललंय सगळं.

माझंच सांगतो. १९९८, पुणे, डायल-अप. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, सी भाषेत आय प्लस-प्लस अधिक प्लस-प्लस आय (प्लस-प्लस म्हणजे आयमध्ये एक मिळव), उत्तर किती? मी टर्बो सी या कंपायलरवर (लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणाऱ्या सॉफ्टवेअरवर) बघितलेला आकडा सांगितला, ते म्हणाले चूक, आणि मार्क गेले. त्या रागात मी कॉम्प-लँग-सी वर अख्खा प्रोग्राम टाकून विचारलं की कोण बरोबर. दुसऱ्या दिवशी तीन उत्तरं आली होती. पहिला म्हणाला एफएक्यूचा (नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या यादीचा) तिसरा भाग वाच आणि मग ये. दुसऱ्यानं प्रश्नाला हातच लावला नाही, 'व्हॉइड मेन' का लिहिलंस, मेन (प्रोग्राम जिथून सुरू होतो तो भाग) इंट, म्हणजे पूर्णांक, परत करतो, यावर पंधरा ओळी झाडल्या आणि जाता जाता कोनिओ डॉट एच ही टर्बो सीबरोबर येणारी फाइल मुळात सी भाषेतली नाहीच हेही सुनावलं. तिसरा मात्र भला माणूस, त्यानं समजावलं की एकाच ओळीत एकच व्हेरिएबल असं दोनदा बदललं तर काय व्हावं हे सी स्टँडर्ड सांगतच नाही, सर पण चूक आणि तू पण चूक, कंपायलरनं तुझ्या नाकातून भुतं बाहेर काढली तरी ते नियमात बसतं. ही नाकातली भुतं सी-वाल्यांचा जुना विनोद आहे, १९९२ मध्ये कॉम्प-एसटीडी-सी ग्रुपात निघालेला. मला तेव्हा माहीत नव्हतं, मी एकटाच बसून हसत होतो आणि मीटर पडत होतं. तुझ्या सरांना हा प्रश्न विचारून बघ एकदा, पण मार्क मिळाल्यावर.

प्रश्न : वेब फोरम आले म्हणून न्यूजग्रुप मेले असं वाचलं. खरंय का? की नुसतं जुन्या लोकांचं रडगाणं?
– सॉफ्टवेअरमधला नोकरदार, हिंजवडी

अर्धं खरं. फोरम यायच्या आधीच घरात उंदीर झाले होते. पूर्वी दर सप्टेंबरला अमेरिकन कॉलेजांत नवीन पोरं यायची, महिनाभर गोंधळ घालायची, मग जुने लोक त्यांना वळण लावायचे आणि पुन्हा शांतता. १९९३ पासून एओएलसारख्या घरोघरी इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांनी घरगुती गिऱ्हाइकांना न्यूजग्रुपांचं दार उघडलं आणि तो सप्टेंबर संपलाच नाही. लगेच १९९४ च्या एप्रिलमध्ये कँटर आणि सीगल या वकील नवरा-बायकोनं ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात ५ हजारांहून जास्त ग्रुपांत एका दमात टाकली. मालक नसल्याचा तोटा असा, बाहेर काढायला दारात कोणी उभंच नाही. आणि 'ऑल्ट-बायनरीज' या फाइली टाकायच्या ग्रुपांमध्ये लोक सिनेमे नि सॉफ्टवेअर चढवायला लागल्यावर सर्व्हर चालवणाऱ्या कंपन्यांचा खर्च कुठल्या कुठे गेला, गप्पा मारणारे प्रोग्रामर त्या ढिगाखाली कुठेतरी. २००८ नंतर अमेरिकेतल्या मोठ्या इंटरनेट कंपन्यांनी हात काढून घेतले, २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टनं स्वतःचे ग्रुप बंद करून लोकांना फोरमवर जा म्हणून सांगितलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात ड्यूकनं, म्हणजे जिथे बाळ जन्मलं त्या घरानंच, आपला सर्व्हर बंद केला.

फोरमकडे लोक का गेले याचं एक कारण मात्र फारसं कोणी सांगत नाही, ते तुम्हा हिंजवडीकरांना पटेल, ऑफिसचा फायरवॉल. न्यूजग्रुप चालायचे ११९ नंबरच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे मशीनचं एक नंबर घातलेलं दार), तो बऱ्याच ऑफिसांत नि कॉलेजांत बंद, वेबचा ८० नंबर मात्र उघडा, मग माणूस जाणार कुठे? शिवाय वेगळा प्रोग्राम नको, सर्व्हरचं नाव भरायला नको, ब्राउझर उघडला की झालं. १९९९ ला पर्लवाल्यांचं पर्लमाँक्स आलं तिथे चांगल्या उत्तराला गुण मिळायला लागले, २००० मध्ये पीएचपीबीबी हे फोरम चालवायचं फुकटचं सॉफ्टवेअर आलं आणि स्वस्तातलं होस्टिंग घेऊन कोणीही स्वतःचा फोरम टाकायला लागला, कोड वेगळ्या चौकटीत दिसायचा, टायपो झाला तर नंतर सुधारता यायचा. न्यूजग्रुपात एकदा गेलं ते गेलं, तुमचं अज्ञान जगातल्या सगळ्या सर्व्हरवर. २००८ च्या सप्टेंबरात जोएल स्पॉल्स्की आणि जेफ अ‍ॅटवूडचं स्टॅक ओव्हरफ्लो आलं तेव्हा तर गप्पाच काढून टाकल्या, फक्त प्रश्न आणि उत्तर. उत्तर पाहिजे असेल तर हे सरस आहे, यात वाद नाही.

माझं दुखणं वेगळंय. न्यूजग्रुपात चाळणी वाचणाऱ्याच्या हातात होती. एखादा माणूस डोक्यात गेला की त्याचं नाव किलफाइलमध्ये टाकायचं, वर जाहीर 'प्लाँक' लिहायचं (तो फाइलीच्या तळाला आपटल्याचा आवाज), आणि आपल्यापुरता तो संपला, बाकीच्यांना दिसतोय की. फोरमात ही चाळणी मालकाकडे गेली, त्यानं धागा कुलूप लावून बंद केला तर सगळ्यांसाठीच बंद, आणि होस्टिंगचे पैसे भरायला विसरला तर दहा वर्षांची उत्तरं एका रात्रीत गायब. एका फोरमवर मी पाचेक वर्षं रोज उत्तरं लिहिली, आज तो पत्ता टाकला की जुगाराची जाहिरात येते.

आणि 'हा प्रश्न आधी विचारलाय' म्हणून स्टॅक ओव्हरफ्लोवर दार आपटतात ना, त्याचं मूळही न्यूजग्रुपातच. तिथे लेख सर्व्हरवर थोडेच दिवस टिकायचे, जागा नसायची, मग तेच प्रश्न पुन्हा यायचे, म्हणून जुने लोक एफएक्यू लिहून दर महिन्याला पुन्हा पुन्हा टाकायचे आणि नवख्याला आधी ते वाच म्हणायचे.

प्रश्न : १९९६-९७ मध्ये मी तिथे बरंच तावातावानं लिहिलंय. आता नात गूगल करते. काढून टाकता येईल का?
– निवृत्त इंजिनिअर, दादर

अहो काका, अवघड आहे. डेजा न्यूज नावाच्या साइटनं १९९५ पासून सगळं साठवायला घेतलं, २००१ मध्ये ते गूगलनं विकत घेतलं. तेव्हा 'एक्स-नो-आर्काइव्ह' असा हेडर (लेखाच्या डोक्यावरची सूचना) लावला असता तर साठवलं गेलं नसतं, पण तेव्हा कोणाला सुचलं होतं? आणि एका ठिकाणचं काढलं तरी तुम्हाला उत्तर देणाऱ्यानं बाणाची खूण लावून तुमची ओळ त्याच्या लेखात उतरवलेली असते, ती राहणारच. नातीला वाचू द्या, १९९७ चे आजोबा तिला आवडतील असं मला तरी वाटतं.

प्रश्न : आज न्यूजग्रुप बघायचा असेल तर?
– एक वाचक, नागपूर

गूगल ग्रुप्सनं २२ फेब्रुवारी २०२४ पासून नवीन लेख घेणं बंद केलंय, तिथे फक्त जुनं दिसतं. पण इटर्नल सप्टेंबर नावाचा एक फुकटचा सर्व्हर आहे (नाव कशावरून पडलं ते वर आलंच), तिथे नाव नोंदवा, थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये सर्व्हरचा पत्ता भरा, झालं. फोटोबिटो नाही, नुसता मजकूर. कॉम्प-लँग-सी अजून चालू आहे. आधी आठवडाभर नुसतं वाचा, उत्तर लिहाल ते समोरच्याच्या मजकुराखाली लिहा, वर नको, आणि प्रोग्राम टाकणार असाल तर पाठवायच्या आधी मेनच्या मागे इंट आहे ना तेवढं बघून घ्या.