कर्ण, व्यास आणि कंसमामा

सोनू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. हर्णैला लाइट गेली की आजी कोडी घालत बसते आणि परवाचं कोडं होतं, "दोघे महाभारतातले, तिसरा कृष्णाचा मामा, तिघेही येती भूमितीच्या कामा". आता तू विचारतेयस, मराठीत मॅथ्समध्ये गोष्टीतली माणसं कशी काय घुसली.

अगं माणसं नाही घुसली, शब्द तेच आहेत फक्त. व्यास म्हणजे तुझा डायमीटर, कर्ण म्हणजे हायपोटेन्यूज आणि कंस म्हणजे वर्तुळाचा आर्क, शिवाय ब्रॅकेटलाही कंसच. तुमचं ते बॉडमास आमच्याकडे कंचेभागुबेव, त्यात पहिला नंबर कंसाचा, त्यामुळे मास्तर म्हणाले "आधी कंस सोडवा" की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणायचं, कृष्णाने पण तेच केलं! मी तर सातवीत "कर्ण कशाला म्हणतात" याला "कुंतीचा थोरला मुलगा" असं उत्तर दिलेलं, अख्खा वर्ग हसला, आजीला विचार, माझ्या फजित्या तिला तोंडपाठ आहेत. (आणि महाभारत व्यासांनी सांगितलं, लिहिलं गणपतीने, हे तिच्यासमोर चुकू नकोस, गणपती तोंडावर आलेत.)

मला सगळ्यात आवडतो तो जीवा. वर्तुळाची कॉर्ड म्हणजे जीवा, म्हणजे धनुष्याची दोरी, तिलाच जुन्या गणितात "ज्या" पण म्हणायचे. अर्धी दोरी धरून आपल्या लोकांनी कोष्टकं केली, अरबांनी तो शब्द जीबा म्हणून घेतला, पण लिहिताना स्वर गाळले, मग पुढे कुणीतरी तो जैब वाचला, म्हणजे कपड्याची घडी, आपला जेब म्हणजे खिसा तोच. लॅटिनवाल्यांनी त्याचं भाषांतर केलं सायनस, म्हणजे घडी, वळण, आणि खाडीसुद्धा! तू दोन वर्षांनी त्रिकोणमितीत शिकशील तो साइन हाच. दोरी फिरत फिरत खाडीत जाऊन पडली बघ.

बंदरावर लिलावात "पावणेतीनशे" ऐकून तू विचारलंस की तीनशेवर पाव फ्री मिळतो का, त्यावर आजी अजून हसतेय. पावणे म्हणजे पाव कमी, तीनशेला शंभराचा पाव कमी, २७५.

आता तू आजीला माझं घाल: "पावसाळ्यात डोक्यावर, गणितात तिसऱ्या घातावर". अडली तर उत्तर सांगू नकोस, नुसतं पडवीत नेऊन वर बघ म्हण.

आई