‘गैरव्यवहार’, ‘गैरवर्तन’ आणि लंगोटाचा पक्का

परभणीच्या एका प्राध्यापिकाबाईंनी विचारले आहे की, महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी आलेल्या लेखात ‘टायगर वुड्सच्या गैरव्यवहारामुळे चाहत्यांचा विश्वासघात झाला’ असे वाक्य आहे. त्यात ‘गैरव्यवहार’ चालेल, की ‘गैरवर्तन’ करावे?

‘गैरव्यवहार’ चालणार नाही. ‘गैर’ अरबीतून आलेला आणि ‘व्यवहार’ संस्कृतातला असला तरी हा जोडशब्द आता पुरता मराठी झाला आहे, आणि मराठी माणसाच्या मनात ‘व्यवहार’ म्हटले की देणेघेणे, हिशेब, खरेदीखत येते. दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट कर्णधार हॅन्सी क्रोनिए याने सट्टेबाजांकडून पैसे घेतल्याचे २००० साली उघड झाले, तो गैरव्यवहार. गोल्फपटू वुड्सचे २००९ च्या अखेरीस बाहेर आले ते विवाहबाह्य संबंध होते.

‘गैरवर्तन’ होते ते कोणाशी तरी: विद्यार्थ्याचे शिक्षकाशी, प्रवाशाचे वाहकाशी. ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू टिम पेन याने २०१७ मध्ये एका महिला सहकाऱ्याला अश्लील संदेश पाठवले. पुढच्याच वर्षी केपटाऊनच्या कसोटीत चेंडू कुरतडल्याचे प्रकरण घडले आणि संघाची गेलेली अब्रू सावरण्यासाठी कर्णधारपद त्याच्याकडे आले. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ते संदेश जगजाहीर होताच त्याला ते पद सोडावे लागले. तेथे ‘गैरवर्तन’ नेमके बसते. वुड्सबाबत हा शब्द चूक नाही, पण मोघम आहे. ज्याचा ख्याल घराबाहेर, तो बाहेरख्याली. हाच शब्द येथे घ्यावा. ‘लफडे’ आणि ‘भानगड’ पारावर शोभतात, वार्षिकांकात नव्हे.

मला अधिक खटकला तो ‘विश्वासघात’. घात करणारा समोरच्याचा विश्वास हाताशी धरून वार करतो. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगने वर्षानुवर्षे उत्तेजकांचा आरोप धुडकावला, २०१२ मध्ये त्याची ‘टूर द फ्रान्स’ची सातही विजेतेपदे काढून घेतली गेली आणि २०१३ च्या जानेवारीत त्याने कबुली दिली; प्रेक्षक जे पाहून टाळ्या वाजवत होते तेच खोटे निघाले, म्हणून तो प्रेक्षकांचा विश्वासघात. वुड्सची तोवरची चौदा प्रमुख विजेतेपदे मात्र खरीच होती. मग चाहत्यांचे गेले काय?

याचे उत्तर आपल्याकडच्या तालमीच्या भाषेत आहे. माझे गाव लोहा तालुक्यातले. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आमचा पैलवान उतरायचा असला की दोन-तीन महिने गावातली घरे पाळीपाळीने त्याच्यासाठी दूध पाठवत. पितळेची चरवी, वर फडके बांधलेले, आणि ती तालमीच्या उंबऱ्यावर ठेवून यायचे काम आम्हा पोरांचे. नव्या पोराचे नाव निघाले की म्हातारी माणसे डावपेचांआधी विचारीत, ‘लंगोटाचं पक्कं हाय का पोरगं?’ लंगोट म्हणजे येथे ब्रह्मचर्याचा संयम. ज्याने तो अंगी कमावला तो लंगोटाचा पक्का. ज्याचा पाय घसरला त्याचा लंगोट ढिला. एकदा अशाच एका चांगल्या पैलवानाचा बोभाटा झाला आणि त्या संध्याकाळपासून चरवी आली नाही. कोणी त्याला जाब विचारला नाही, त्याची कुस्तीही कोणी खोटी म्हटली नाही. शरीर त्याचे असले तरी खुराक गावाचा होता, एवढेच त्यामागे होते, आणि त्याबद्दल लोक एकच वाक्य बोलत: ‘त्याची पत गेली.’

‘पत’ या शब्दात उधारी मिळण्याची लायकी आणि माणसाचे नाव या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. पतपेढीतली पत हीच. वुड्सबाबत ॲक्सेंचर आणि एटी अँड टी या कंपन्यांनी जाहिरातीचे करार संपवले, तीही चरवी बंद होण्याचीच गोष्ट होती. म्हणून बाईंनी ते वाक्य ‘वुड्सच्या बाहेरख्यालीपणामुळे चाहत्यांमधली त्याची पत गेली’ असे करावे, आणि ‘विश्वासघात’ लेखात ठेवायचाच असेल तर तो त्याच्या पत्नीच्या संदर्भात ठेवावा.