शाळेतले मानसशास्त्रज्ञ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे. त्याला मानसशास्त्रज्ञांना दाखवा, असं शाळेने सुचवलंय. सासूबाई म्हणतात, "पोरगं काय वेडं आहे का?" – एक आई, सातारा

ताई, जरूर दाखवा. मूल शिकताना नेमकं कुठे अडतंय, हे शोधणं हे त्यांचं काम. मानसशास्त्रज्ञ वर्गात मागे बसून त्याला पाहतील, वह्या चाळतील, बाईंशी आणि तुमच्याशी बोलतील. त्याआधी डोळे आणि कान मात्र तपासून घ्या. फळाच दिसत नसेल तर लिहून घेण्यात चुका होणारच.

प्रश्न : तासाभरात बुद्ध्यांक काढून मुलावर शिक्का मारायचा, हे मला पटत नाही. – एक वडील, ठाणे

मलाही पटत नाही. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ या दोन संशोधकांनी बुद्धिमापनाची चाचणी तयार केली, ती कोणत्या मुलांना जादा मदत लागेल हे ओळखण्यासाठी. तिचा पुढे शिक्का झाला, हे दुर्दैव. आपल्याकडची बिने-कामत चाचणी त्याच परंपरेतली. पण निव्वळ बुद्ध्यांकावरून वाचनाची अडचण कळत नाही. त्यासाठी मुलाला मोठ्याने वाचायला लावतात. 'घ'चा 'ध' होतो का? जोडाक्षर आलं की अडखळतं का? लिहिताना वेलांट्या-उकार गळतात का? मग 'तगोप', 'रिमळू' असे अर्थ नसलेले शब्द पुढे ठेवतात. धडा पाठ करून वेळ मारून नेणारं हुशार मूल नेमकं इथे थबकतं, कारण आता एकेक अक्षर जुळवूनच वाचावं लागतं. दुसरं एखादं मूल हे शब्द धडाधड वाचतं, पण परिच्छेदाचा अर्थ त्याला सांगता येत नाही. दोघांना एकच शिकवणी लावून भागणार नाही.

चाचणी कोणत्या भाषेत घेणार, हेही विचारा. घरी-शाळेत मराठी असलेल्या मुलाला फक्त इंग्रजीत तपासून डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अडचण, आहे असं ठरवणं चूक आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही चाचणी मराठीतही आहे. आणि अहवालात नुसते आकडे असतील तर परत जा. उद्यापासून वर्गात काय बदलायचं, हे लिहून मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

प्रश्न : दहावीला जादा वेळ मिळेल का? – एक पालक, नागपूर

मिळू शकतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सियासारखी शिकण्यातली अडचण) येते, आणि राज्य मंडळ जादा वेळ, लेखनिक अशा सवलती देतं. मात्र शाळेच्या समुपदेशकांची चिठ्ठी पुरत नाही. अधिकृत वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. दहावीचा फॉर्म भरायची वेळ येईपर्यंत थांबू नका.

प्रश्न : मी नववीत आहे. समुपदेशक मॅडमना सांगितलेलं घरी कळेल का? – एक विद्यार्थिनी

बाळा, मैत्रिणींशी भांडण, अभ्यासाची भीती, घरातली कटकट या गोष्टी त्यांनी स्वतःपाशीच ठेवायच्या असतात. तुझ्या जिवाला धोका असेल तर मात्र त्या मोठ्यांना सांगतील. कुणी लैंगिक त्रास देत असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने त्यांना पोलिसांना कळवावंच लागतं. हे सगळं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगायला हवं. नाही सांगितलं तर तूच विचार. शाळेत कुणाशी बोलावंसं वाटत नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) मोफत क्रमांकावर फोन कर, मराठीत बोलता येतं.