हिशोब फुकट, तर मिळकत कशातून?

प्रश्न : सोलापुरात माझे चादरी आणि टॉवेलचे दुकान आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या मुलाने दोन मित्रांच्या मदतीने महिन्याचा खर्च मांडणारे आणि मित्रमंडळींत बिल वाटून देणारे मोबाइल ॲप तयार केले आहे. गेल्या हुरड्याच्या हंगामात ते दोन-अडीचशे जणांनी घेतले, म्हणून आता कंपनी काढण्यासाठी तो दोन लाख रुपये मागत आहे. अशा ॲपना बाजारात कितपत भाव आहे? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ॲप उपयोगाचे आहे, याविषयी वाद नाही. हुरड्याला गेलेल्या चौघांपैकी एकाने गाडीच्या डिझेलचे १,६०० रुपये भरले आणि दुसऱ्याने दही व शेंगाचटणीचे ४०० दिले, तर प्रत्येकाचा वाटा ५०० रुपये होतो. वहीत मांडले तर सहा देणी निघतात. ॲप मात्र ती परस्परांत वळती करून उरलेल्या तिघांनी डिझेलवाल्याला १००, ५०० आणि ५०० द्यावेत, एवढ्यावर आणून ठेवते. एकाने ॲप घेतले की बाकीच्यांनाही घ्यावे लागते, त्यामुळे प्रसाराला जाहिरात लागत नाही. मिळकतीचे मात्र तसे नाही, कारण हुरडा वर्षातून एकदा होतो आणि शंभर रुपयांचा हिशोब चोख मागणारा माणूसच त्या हिशोबासाठी शंभर रुपये मोजायला सर्वांत शेवटी तयार होतो.

याची साक्ष मोठ्या नावांतही सापडते. अमेरिकेतील मिंट हे खर्चाचे ॲप २००७ मध्ये सुरू झाले आणि दोनच वर्षांत इन्ट्युइट कंपनीने ते १७ कोटी डॉलरना घेतले. ते वापरणाऱ्यांना फुकट होते. क्रेडिट कार्डे आणि कर्जे सुचवून मिळणाऱ्या दलालीवर त्याचा गाडा चालत असे. मार्च २०२४ मध्ये ते बंद करून त्याच कंपनीने ग्राहकांना आपल्या क्रेडिट कर्मा या सेवेकडे वळवले. २०११ पासून चालत आलेल्या स्प्लिटवाइज या बिल वाटणाऱ्या ॲपनेही सशुल्क योजना आणली आणि फुकट वापरणाऱ्यांच्या रोजच्या नोंदींवर मर्यादा घातली. आपल्याकडे बँकेचे एसएमएस वाचून खर्च मांडणारे वॉलनट लोकप्रिय झाले, पण २०१८ मध्ये ते कॅपिटल फ्लोट या कर्ज देणाऱ्या कंपनीकडे गेले. खर्चाच्या नोंदी हे ग्राहक जमवण्याचे साधन आणि कर्ज हा खरा धंदा, असे या क्षेत्रात अनेकांचे झाले आहे. (आपल्या बाजारपेठेत उधारीची वही ठेवणारा दुकानदार वहीवर कमावत नाही, मालावर कमावतो, त्यातलाच हा प्रकार.)

चिरंजीवांसमोर आणखी दोन अडथळे आहेत. २०१८ च्या अखेरीस गूगलने एसएमएस वाचण्याच्या परवानगीवर निर्बंध घातले आणि खर्चाच्या ॲपना ती सूट अर्ज करून मिळवावी लागते. २०२१ मध्ये बँकांनी ज्या अकाउंट ॲग्रिगेटर व्यवस्थेतून ग्राहकाच्या संमतीने खात्याची माहिती देणे सुरू केले, तिच्यातून माहिती घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेसारख्या आर्थिक नियामकाकडे नोंदलेली संस्था असावी लागते, त्यामुळे नव्या कंपनीला तो रस्ता थेट खुला नाही. म्हणजे नोंदी हातानेच करायच्या, आणि हाताने नोंदी करण्याचा उत्साह महिन्याच्या वीस तारखेपर्यंत टिकला तरी पुष्कळ. शिवाय बिल वाटण्याची सोय गूगल पेसारख्या ॲपमध्ये फुकट मिळते.

दोन लाख एकदम देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन-अडीचशेंपैकी किती जणांनी हुरडा संपल्यावर, म्हणजे मार्चनंतर, एक तरी नोंद केली, हा आकडा आधी मुलाकडून मागून घ्यावा. त्यानंतर त्याला मित्रांच्या टोळक्याऐवजी खानावळीकडे पाठवावे. वसतिगृहाजवळच्या मेसवाल्या काकूंच्या वहीत चाळीस मुलांचे खाडे, आगाऊ दिलेले पैसे आणि पाहुण्यांची ताटे लिहिलेली असतात, आणि महिनाअखेरीस नेमका खाड्यांवरूनच वाद होतो. हा हिशोब रोजचा आहे आणि त्यातली चूक थेट काकूंच्या खिशातून जाते. अशा दहा खानावळींनी महिन्याला शंभर-दीडशे रुपये सलग तीन महिने दिले, तर सर्व्हरचा वर्षाचा खर्च आपण उचलावा आणि उरलेल्या रकमेचे तेव्हा बघावे.