कर्नेल कंपाइल करताना लॅपटॉप आपोआप बंद पडतो, दोष लिनक्सचा का?

तुम्ही लिहिलंय की एप्रिलपासून कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कंपाइल करायला (सोर्स कोडपासून तयार करायला) घेतला की पाच-दहा मिनिटांत स्क्रीन काळी होते, हिवाळ्यात असं होत नव्हतं. मीही सोलापूरचाच, आणि माझंही अगदी असंच व्हायचं.

आधी मागच्या बूटचा लॉग, म्हणजे मशीन मागच्या वेळी चालू असतानाची सिस्टिमची नोंद, काढा. त्यात ‘क्रिटिकल टेम्परेचर रीच्ड’ अशी ओळ दिसली तर मशीन कर्नेलनंच बंद केलंय, आणि प्रोसेसर वाचावा म्हणून केलंय. ओळ नसेल तर बहुधा हार्डवेअरनंच वीज तोडली, कर्नेलला लिहायलाही वेळ मिळाला नाही.

लिनक्समध्ये थर्मल झोनला (तापमान मोजलं जातं त्या भागाला) ट्रिप पॉइंट, म्हणजे ठरलेल्या तापमानमर्यादा, असतात. ‘पॅसिव्ह’ ओलांडला की प्रोसेसरची फ्रिक्वेन्सी, म्हणजे वेग, उतरते, ‘अ‍ॅक्टिव्ह’ला पंखा, ‘क्रिटिकल’ला थेट शटडाउन. फ्रिक्वेन्सी किती उतरवायची ते गव्हर्नर, म्हणजे कर्नेलातली नियमावली, ठरवतो. ‘स्टेप वाइज’ हा गव्हर्नर तापमान चढत असेल तर एकेक पायरी खाली येतो. 2015 मध्ये 4.2 कर्नेलात ‘पॉवर अलोकेटर’ हा दुसरा गव्हर्नरही आला, पण तुमच्या लॅपटॉपला त्याचा फारसा उपयोग नाही.

‘सिस’ डिरेक्टरीखालच्या ‘क्लास’मधलं ‘थर्मल’ फोल्डर उघडलं की प्रत्येक झोनची ‘टेम्प’ फाइल सापडते. आकडा अंशाच्या हजाराव्या भागात असतो: 97000 म्हणजे 97 अंश. पण शेजारची ‘टाइप’ फाइलही बघा. माझा पहिला झोन फर्मवेअरचा (मदरबोर्डवरच्या पक्क्या सॉफ्टवेअरचा) होता, त्यात कायम 27800. भर मे महिन्यात, खोलीच 38 अंशांवर असताना! मी आठवडाभर त्याच आकड्यावर विसंबून होतो. खरं तापमान प्रोसेसर पॅकेजच्या झोनमध्ये असतं.

आता मुद्द्याचं. कर्नेल फक्त कमी उष्णता निर्माण करू शकतो, झालेली बाहेर काढायचं काम पंख्याचं. खोलीची हवाच पंधरा अंशांनी जास्त तापलेली, तर तेवढ्याच लोडला प्रोसेसरही साधारण तितकाच जास्त तापणार. त्यात आमच्या गल्लीत यंत्रमाग. मागचं झाकण उघडलं तर पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पात्यांच्या) मध्ये कापसाच्या तुसाचा थर, बोटानं ओढला तर अख्खी पट्टीच निघाली. लॅपटॉपनं सोलापुरी चादरच पांघरली होती म्हणा ना.

ब्रशनं साफ केलं, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकमधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदलली, ‘मेक’ या कंपाइल करवणाऱ्या प्रोग्रामला एका वेळी आठऐवजी चार जॉब दिले. इंटेलचा प्रोसेसर असेल तर ‘नो टर्बो’ फाइलमध्ये 1 लिहून टर्बोही, म्हणजे प्रोसेसरचा तात्पुरता जादा वेग, बंद करता येतो. कंपाइलला वेळ लागतो, पण ते पूर्ण होतं.

आणि क्रिटिकल ट्रिपच बंद करणारा बूट पॅरामीटर (सुरू होताना कर्नेलला दिलेली सूचना) कुणी सुचवला तर त्याच्या नादी लागू नका.