रिपोर्टवरचा 'तिप्पट धोका' नेमका कुणाचा?

ताई, वडिलांच्या अल्झायमरच्या (विसराच्या आजाराच्या) जनुक-चाचणीच्या रिपोर्टवर 'एपीओई ई४, एक प्रत, धोका तिप्पट' (एपीओई हे जनुक, ई४ हा त्याचा धोका वाढवणारा प्रकार; तो आईवडिलांपैकी एकाकडूनच आला की एक प्रत) असं लाल अक्षरात आलंय आणि आता भाऊही चाचणी करायला निघालाय, हे वाचून आमचं लातूरचं घर आठवलं. आमच्या मायचा रिपोर्ट हुबेहूब असाच होता. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

तो 'तिप्पट' युरोपीय वंशाच्या लोकांचा. १९९७ च्या मोठ्या एकत्रित अभ्यासात त्याच एका प्रतीनं अल्झायमरचा धोका जपानी लोकांत साडेपाच पटींवर गेला, आफ्रिकी-अमेरिकनांत जेमतेम वाढला. पुढे २०१८ मध्ये पोर्तो रिको आणि आफ्रिकी-अमेरिकन लोकांच्या अभ्यासात दिसलं, की या जनुकाच्या आजूबाजूचा तुकडा आफ्रिकी पूर्वजाकडून आला असेल तर ई४ चा जोर कमी पडतो. आपण भारतीय तर सगळेच वेगवेगळ्या पूर्वजांचे, मिसळलेले. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ ज्यात होते त्या २००९ च्या अभ्यासानं तेच दाखवलं. मग युरोपचा आकडा लॅब तुमच्या वडिलांच्या नावापुढे कसा लिहिते?

हेच मी आमच्या लॅबला विचारलं. समुपदेशनाच्या नावाखाली फोनवर एक मुलगी रिपोर्टच वाचून दाखवत होती. म्हणाली, "सर, सिस्टीममध्ये असंच येतं." पैसे मात्र आगाऊ! त्या एका पानानं घरानं हाय खाल्ली. 'रक्तातलंच आहे, आता काय करणार' म्हणत कुणी साधं बी१२ (हे जीवनसत्त्व कमी पडलं तरी विसर पडतो) सुद्धा तपासलं नाही. वर ते पान पाहुण्यांत फिरलं आणि धाकटीच्या सोयरिकीची बोलणी थांबली. पुढे एका न्यूरोलॉजिस्टनं तपासलं तर बी१२ पार तळाला. इंजेक्शनांनंतर माय पूर्ववत झाली नाही, पण दुधाचा हिशोब परत तोंडी सांगायला लागली.

म्हणून माझं मत (पटलं तर घ्या): भावाला थांबवा. वडिलांचं बी१२, थायरॉइड, साखर, बीपी, कानांची तपासणी आणि मेंदूचा स्कॅन आधी. घरात कमी वयातच विसराचा आजार झालेले दोघे-तिघे असतील तर गोष्ट वेगळी, तिथे जनुकतज्ज्ञ गाठाच.

अजून एक. स्मरणशक्तीच्या चाचणीत तारीख विचारतात. मायनं "परवा एकादशी झाली" असं बरोबर सांगितलं, तरी शून्य गुण. वडील तिथीवर चालणारे असतील किंवा शाळेत गेले नसतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि तो रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकला असेल तर आजच काढा.